त्यांना लागू पडलं, मला का नाही?

अमरावती जिल्ह्यातल्या, पूर्णाकाठच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारीचं वय ३३. घरची पाच एकर कोरडवाहू, मोठी मुलगी अकरा वर्षांची, धाकटा अडीच वर्षांचा. दीड वर्षापासून तिचे केस गळताहेत, भांग रुंद झाला आहे. केसांवर भांडी देणारी बाई गावात येते. तिच्यासाठी ठेवलेली गुंतवळाची पिशवी पूर्वी वर्षात दोनदा भरायची, आता दीड महिन्यात भरते. परवा ती बाईच म्हणाली, “तुमच्या घरी केस लय निघते व माय.”

नवऱ्याचे केस टाळूवर विरळ झाले होते. त्याला अमरावतीच्या डॉक्टरांनी मिनोक्सिडिलची बाटली आणि फिनास्टराइडच्या गोळ्या दिल्या. आठ-नऊ महिन्यांत फरक दिसला. मग तिनेही तीच बाटली लावली. तीन आठवड्यांत केस उलट जास्त गळायला लागले म्हणून सोडली, महिन्याने पुन्हा धरली, पुन्हा सोडली. त्याच्या गोळ्याही पंधरा दिवस घेऊन पाहिल्या. कांद्याचा रस झाला, आठवडी बाजारातलं जडीबुटीचं तेल झालं, बायोटिनच्या गोळ्या अजून चालू आहेत. सासूबाई म्हणतात, हे खाऱ्या पाण्यानं होतंय, चार महिने माहेरी जा. शेगावकडच्या गावांत अचानक टक्कल पडल्याच्या बातम्या आठवून तिला झोप लागत नाही. आता शहरातल्या एका क्लिनिकने सहा इंजेक्शनांचं ३५ हजारांचं पॅकेज सांगितलं आहे, आठवड्यात भरले तर सूट. तुरीचे पैसे हातात आहेत. ती विचारते, “एकच घर, एकच औषध. त्यांना लागू पडलं, मला काहीच लागू पडत नाही. माझ्यातच काही खोट आहे का? पैसे भरू का?”

*

पैसे आत्ता भरू नका. सूट गेली तर जाऊ द्या.

दुसरी गोष्ट त्याहून निकडीची. नवऱ्याच्या गोळ्या पुन्हा घेऊ नका. फिनास्टराइड पोटात गेलं आणि त्याच वेळी दिवस राहिलेले असले, गर्भ मुलाचा असला, तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो. म्हणूनच ज्यांना मूल होऊ शकतं अशा बायकांनी ही गोळी घ्यायची नसते. गरोदर बाईने तर फुटलेली गोळी हातातही धरू नये असं सांगतात. पाळी चुकली असेल तर आजच आशाताईंकडून तपासणीचं किट घ्या आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पाळी वेळेवर आली असेल तर घाबरू नका, गोळी बंद केल्यावर हे औषध काही दिवसांत शरीरातून निघून जातं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्रात चार पानं केसांवर आहेत आणि तीन ओळी तुमच्यावर. त्या तीन ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. “थकवा तर बायकांना असतोच. धाकट्यानंतर पाळी आठ-आठ दिवस जाते, हंडा आणताना धाप लागते. आणि हसू नका, पण कच्चे तांदूळ खायची सवय लागली आहे.”

मी हसले नाही. अंगावरून जास्त जाणं, धाप लागणं आणि कच्चे तांदूळ किंवा माती खावीशी वाटणं, हे तीन एकत्र आले की डॉक्टरांच्या मनात पहिली शंका लोहाच्या कमतरतेची येते. त्यात तुम्ही सोमवार, गुरुवार आणि शनिवार असे तीन उपास करता, तेही साबुदाण्यावर, आणि बाकी दिवशी जेवणासोबत चहा. थकवा बायकांना असतोच हे तुम्ही जितक्या सहज लिहिलंय, तितक्या सहज ते खरं मानू नका. आपल्या आयांनी ते मानलं, आपणही मानत आलो, पण दम लागणं हे काही बाईपणाचं लक्षण नव्हे.

याचा केसांशी संबंध काय, ते सांगते. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. बहुतेक वाढत असतात, दहातला एखादा विश्रांतीत असतो. ही विश्रांती सुमारे तीन महिन्यांची, मग तो गळतो आणि त्याच मुळातून नवा उगवतो. रोज ५० ते १०० केस जाणं यातच येतं. पण शरीरावर मोठा ताण आला, म्हणजे टायफॉइड किंवा डेंग्यूचा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमार, रक्त कमी होणं, की शरीर आधी जिवाचं पाहतं आणि केसांचा खर्च थांबवतं. पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. दुष्काळात कास्तकार आधी रंगरंगोटी थांबवतो, बैलाचा चारा नाही, तसंच हे. ताप एकदाच येऊन जातो, त्यामुळे ती गळती आपोआप थांबते. पण दर महिन्याला आठ दिवस रक्त जात असेल तर ताण दर महिन्याला नवा असतो आणि गळती चालूच राहते.

नवऱ्याचं दुखणं वेगळं. पुरुषांच्या टाळूवर आणि कपाळाच्या कोपऱ्यांवर जे केस जातात, त्यामागे बहुतेक वेळा अनुवंश आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक असतं. त्याने केसाचं मूळ हळूहळू बारीक होत जातं. फिनास्टराइड हे संप्रेरक कमी करतं आणि मिनोक्सिडिल केसाला वाढीच्या अवस्थेत जास्त काळ धरून ठेवतं. त्याला योग्य दुखण्याचं औषध मिळालं. तुमच्या दुखण्याचं नाव अजून कोणी ठरवलेलंच नाही. पऱ्हाटी पिवळी पडली की एक जण म्हणतो युरिया टाका, दुसरा म्हणतो पाणी जास्त झालं, तिसरा मुळाशी कीड पाहतो. शेजारच्या वावरात युरियाने हिरवी झाली म्हणून आपल्याही वावरात होईल असं तुम्ही शेतात कधी मानत नाही. केस गळणं हेही पिवळ्या पानासारखं लक्षण आहे.

मात्र एवढ्यावर मी “लोहच कमी आहे” असं ठरवून टाकणार नाही. भांग रुंद होणं आणि पुढची केसांची कड शाबूत राहणं हे बायकांमधल्या अनुवंशिक विरळपणाचंही लक्षण असतं. दोन्ही एकत्र असू शकतं आणि पुष्कळदा असतं. ते त्वचारोगतज्ज्ञ भांग जवळून, भिंगाने पाहून ठरवतात. तसं निघालं तर मिनोक्सिडिल तुम्हालाही लागेल, पण स्वतःची बाटली, स्वतःचं प्रमाण.

हे औषध “लागू पडलं नाही” असं मला कितीतरी जणी लिहितात, आणि त्यातल्या निम्म्या पत्रांत उत्तर पत्रातच असतं. तुमच्याच पत्रातलं पाहा. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळणं हे औषध उलटल्याचं लक्षण नसतं. विश्रांतीत पडलेल्या जुन्या केसांना नवे केस खालून ढकलतात, म्हणून ते निघतात. तुम्ही नेमकी त्याच वेळी बाटली सोडली, दोन्ही वेळा. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून चार ते सहा महिन्यांआधी या औषधाचा निकाल लावताच येत नाही. नवऱ्याला तुम्ही आठ-नऊ महिने दिलेत, स्वतःला तीन आठवडे.

दुसरं, हिशेब. सकाळ-संध्याकाळ एक-एक मिली लावलं तर ६० मिलीची बाटली एका माणसाला बरोबर ३० दिवस पुरते. तुमच्याकडे एक बाटली दोघांत महिनाभर पुरली असं तुम्ही लिहिता. म्हणजे तेवढे दिवस दोघांच्याही डोक्यावर औषध कमीच पडलं.

तिसरं, लावण्याची रीत. तुमचे केस लांब, डोक्याला तेल. औषध केसांना लागलं आणि टाळूच्या कातडीपर्यंत थोडंच पोचलं. ते कोरड्या टाळूवर, भांग पाडत पाडत, कातडीला लावायचं असतं आणि निदान चार तास डोकं धुवायचं नसतं. नंतर हात धुवा, कपाळावर ओघळू देऊ नका, नाहीतर चेहऱ्यावर लव येते. यात अल्कोहोल असतं, म्हणून चुलीजवळ ठेवू नका आणि लावून लगेच चुलीपुढे बसू नका. दिवस गेले असतील किंवा मूल अंगावर पीत असेल तर हे औषध लावायचंच नाही. छातीत धडधडलं, पायावर सूज आली तर थांबून डॉक्टरांना दाखवा. हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले तेव्हा ते डोक्याला लावायची कल्पना निघाली आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

आणि हे सगळं नीट करूनही काहींना गुण येत नाही. हे औषध जसं बाटलीत असतं तसं काम करत नाही. केसाच्या मुळाशी सल्फोट्रान्सफरेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते त्याचं मिनोक्सिडिल सल्फेट करतं, तेव्हा कुठे ते कामाचं होतं. हे विकर कोणात भरपूर, कोणात अगदी थोडं. त्यामुळे एकाच घरात, एकाच दुखण्यावर, एकाच बाटलीनेही दोघांना वेगळा गुण येऊ शकतो. याला खोट म्हणत नाहीत. एकाला दूध पचतं, दुसऱ्याला पचत नाही, तसंच.

बाजारातल्या तेलाबद्दल माझ्याच घरातलं सांगते. कॉलेजात असताना मला टायफॉइड झाला. दोन महिन्यांनी केस ओंजळीने जाऊ लागले. आईने बाजारातून एका तेलवाल्याचं काळं तेल आणलं, मी रोज लावलं आणि पाच-सहा महिन्यांत केस भरून आले. आमच्या गल्लीत दहा बायकांनी ते तेल नेलं, त्यातल्या काहींनी उसने पैसे काढून, आणि बहुतेकींना गुण आला नाही. तापानंतरची गळती तेल न लावताही थांबली असती, हे मला फार उशिरा कळलं. त्या बायकांपैकी एकीला थायरॉइडचं दुखणं होतं. तिने दोन वर्षं ते तेल लावलं, आणि ती दोन वर्षं फुकट गेली याचं मला आजही वाईट वाटतं. कोणाला एखाद्या उपायाने गुण आला असं ऐकलं की तिला आधी काय झालं होतं, हे जरूर विचारा.

कांद्याच्या रसाचं मूळ २००२ साली छापून आलेल्या इराकमधल्या एका छोट्या अभ्यासात आहे. त्यात ३८ रुग्ण होते आणि ते सगळे चाई पडलेले होते, म्हणजे गोल चकती पडून केस गेलेले. तुमच्या गळतीशी त्याचा संबंध नाही.

खाऱ्या पाण्याचं सासूबाई म्हणतात ते पूर्ण खोटं नाही. खारपाणपट्ट्यातल्या पाण्याने केस राठ होतात, गुंततात, मध्येच तुटतात. पण ते मूळ मारत नाही. गुंतवळातले दहा-वीस केस उजेडात धरून पाहा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असली तर तो केस मुळातून आलेला, दोन्ही टोकं नुसतीच असली तर तुटलेला. शिवाय त्याच पाण्याने डोकं धुऊन तुमच्या नवऱ्याचे केस परत आले, हेही सासूबाईंना सांगता येईल. माहेरी जायचं तर आराम करायला खुशाल जा.

शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत जे झालं, त्यात माणसांचे केस काही दिवसांतच झपाट्याने गेले, एकाच गावात अनेकांचे. तुमची गळती दीड वर्षाची आणि घरात एकटीची. ती भीती मनातून काढा. पण त्यातली एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. महाडचे डॉक्टर आणि संशोधक हिंमतराव बावस्कर यांनी तिथले नमुने तपासले, त्यात सेलेनियम फार जास्त आढळल्याचं सांगितलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण थोडंच. जास्त झालं तर केस आणि नखं जातात. जीवनसत्त्व अ जास्त झालं तरी केस गळतात. आणि केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ही दोन्ही असू शकतात. तुमच्या डबीवर काय छापलंय ते वाचा, एकाच वेळी दोन-तीन प्रकारच्या गोळ्या घेऊ नका.

बायोटिनही बंद करा. त्याची खरी कमतरता क्वचितच असते, आणि जास्त बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासणीचा आकडा चुकीचा येऊ शकतो. रक्त द्यायच्या आधी निदान तीन दिवस ते बंद असू द्या आणि प्रयोगशाळेत तसं सांगा.

मग करायचं काय? प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. केसांचं नंतर सांगा, आधी पाळीचं आणि धाप लागण्याचं सांगा. रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन आणि थायरॉइडची टीएसएच, एवढं लागेल. फेरिटिन म्हणजे शरीरातल्या लोहाची कोठी. हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही कोठी रिकामी असू शकते, म्हणून नुसतं “रक्त ठीक आहे” यावर परत फिरू नका. फेरिटिन तिथे होत नसेल तर अमरावतीला इर्विनला (जिल्हा रुग्णालयात) किंवा पीडीएमसीला (पंजाबराव देशमुख मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) विचारा, खासगीत करावी लागली तरी ती ३५ हजारांपुढे काहीच नाही.

सिकलसेल या रक्ताच्या अनुवंशिक आजाराची तपासणी पूर्वी झाली नसेल तर तीही करून घ्या. आपल्या विदर्भात हा आजार आहे, आणि २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही चालू आहे. सिकलसेलचा आजार असला किंवा थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचा अंश आईबापांकडून आलेला असला तर हिमोग्लोबिन कमी दिसतं आणि लोह मात्र पुरेसं, कधी जास्तही असू शकतं. म्हणून लोहाच्या गोळ्या मैत्रिणीकडून आणून आपल्या मनाने महिनोन्महिने खाऊ नका.

लोह कमी निघालं तर गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. शौच काळी होते, घाबरू नका. चहा-कॉफी गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर नको, लिंबू चालेल, चांगलंच. नुसत्या अंबाडीच्या भाजीने आणि गुळाने रिकामी कोठी भरत नाही, गोळ्या लागतात, आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही काही महिने घ्याव्या लागतात. त्या उंच फळीवर ठेवा. धाकटा अडीच वर्षांचा आहे, आणि लोहाच्या गोळ्या लहान मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

आणि पाळी आठ दिवस का जाते, हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका. गर्भाशयात गाठ असेल, थायरॉइड असेल, आणखी काही असेल. फुटक्या हौदात पाणी ओतून उपयोग नाही. उपास सोडा असं मी सांगणार नाही, ती तुमची श्रद्धा आहे. पण साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. त्याऐवजी राजगिरा, शेंगदाणे, दही घ्या, आणि तीनाचा एक वार करता येतो का ते देवाशीच बोला. बाकी दिवशी तुरीचं घट्ट वरण पोरांना वाढून उरेल तेवढंच स्वतःच्या ताटात घेऊ नका. अंडं चालत असेल तर खा.

क्लिनिकच्या इंजेक्शनांबद्दल. ती बहुधा पीआरपीची असावीत. आपलंच थोडं रक्त काढून त्यातल्या बिंबाणूंचा (प्लेटलेट्सचा) दाट भाग डोक्यात टोचतात. अनुवंशिक विरळपणात काहींना त्याने फायदा होतो, पण तयार करण्याची रीत जागोजागी वेगळी आणि पुन्हा पुन्हा करावं लागतं. शरीरात लोहच नसेल तर आधी ते भरणं शहाणपणाचं. तुमचा भांग नीट न पाहता, रक्त न तपासता, पाळीबद्दल एक शब्द न विचारता ज्यांनी आकडा सांगितला, त्यांच्याकडे परत जाऊ नका. ‘टक्कल बरं करू’ असा दावा औषधावर करायला आपल्या औषध कायद्यातच मनाई आहे, हेही लक्षात असू द्या.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. गोल चकत्या पडल्या असतील तर ती चाई, तिचे उपचार वेगळे. लहान मुलाच्या डोक्यात खवले आणि तुटके केस असतील तर नायटा असू शकतो, त्याला पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात. मेडिकलमधून आणलेली मिश्र स्टेरॉइडची ट्यूब लावू नका. टाळू गुळगुळीत, चकचकीत झाली असेल, आग होत असेल, तर लगेच दाखवा. काही आजारांत मूळच नष्ट होऊन जागी व्रण राहतो, मग कोणत्याही औषधाने तिथे केस येत नाहीत, त्यामुळे तिथे उशीर फार महागात पडतो. कापूस वेचायला जाताना केस ताणून घट्ट बांधता, त्यानेही कानशिलावरचे केस जातात, सैल बांधा. आणि ज्या पुरुषांना मिनोक्सिडिलने गुण आला आहे त्यांनी बरं वाटलं म्हणून सोडू नये, काही महिन्यांत मिळवलेलं जातं. तुमच्या नवऱ्यालाही हे सांगा.

गोळ्या सुरू झाल्या की आरशात रोज पाहू नका. महिन्यातून एकदा, न्हाल्यानंतर दुसऱ्या दिवशी, एकाच जागी, एकाच उजेडात मुलीकडून भांगाचा फोटो काढून घ्या. या फाल्गुनात सुरुवात केलीत तर धाप आधी कमी होईल, गळती त्यानंतर, आणि भांगाच्या कडेला बोटभर नवे केस दिसलेच तर पोळ्याच्या सुमारास. तोपर्यंत पालट दिसला नाही तर ते फोटो आणि सगळे कागद घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. त्यांना काय काय, किती दिवस लावलं ते सगळं सांगा, पंधरा दिवसांच्या त्या गोळ्यांसकट.

आणि दवाखान्यात जाताना मुलीलाही सोबत न्या. ती तुमच्याच ताटातलं जेवते, वर्ष-दोन वर्षांत तिची पाळी सुरू होईल. तिचंही हिमोग्लोबिन आणि सिकलसेल त्याच दिवशी तपासून घ्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती मुलगी खरंच गिळते की खिडकीतून टाकते, हेही एकदा न रागावता विचारा.